विद्वत्तेचा मायना

इचलकरंजीचे यंत्रमागधारक आणि उत्तर इटलीतील मागांचे कारखानदार यांच्यामध्ये बसून दोन्ही पक्षांचे बोलणे एकमेकांना पोहोचविण्याचा व्यवसाय मी ज्या काळात केला, त्या काळात यंत्रांच्या किमती, सुट्या भागांच्या याद्या, जहाजभाड्याचे दर, हमीची कलमे आणि रकमेच्या हप्त्यांच्या मुदती असा पुष्कळ मजकूर माझ्या तोंडून या भाषेतून त्या भाषेत गेला. परंतु ज्या मजकुराने माझ्यापाशी सर्वांत अधिक अभ्यास आणि सर्वांत अधिक सावधपणा मागितला, तो यांपैकी कोणताही नसून, एका माणसाने दुसऱ्याच्या ज्ञानाविषयी व शिक्षणाविषयी बोलून दाखविलेला आदर हा होता, असे मी निश्चयपूर्वक सांगू शकते. किमतीचा आकडा पुढे करारनाम्यात लिहिला जातो, दोन्ही बाजूंचे मुखत्यार तो तपासतात आणि काही शंका राहिलीच तर तिचे निरसन सहीपूर्वी होते. विद्येची स्तुती मात्र कोणत्याही दस्तऐवजात उतरत नाही. ती ज्या स्वरात आणि ज्या शब्दांत उच्चारली गेली, त्याच स्वरात आणि त्याच शब्दांत ऐकणाराच्या मनात राहते, आणि पुढचा सारा व्यवहार तिच्या प्रकाशात चालतो.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली बसविला. तेव्हापासून त्या गावाने धोट्याच्या मागावर तीन-चार पिढ्या काढल्या. १९९९ साली केंद्र सरकारने वस्त्रोद्योगातील यंत्रसामग्रीच्या सुधारणेसाठी व्याजात सवलत देणारी योजना सुरू केली, आणि ज्यांना तोवर परदेशी मागाकडे नुसते पाहावे लागत होते, अशा मध्यम ऐपतीच्या मालकांनाही धोट्यावाचून चालणारे रेपियर माग घेण्याचा विचार करता येऊ लागला. अशा मागांचे एक मोठे माहेर म्हणजे मिलानच्या ईशान्येस, बेर्गामो शहराच्या वरच्या अंगाला असलेले सेरियो नदीचे खोरे. एकोणिसाव्या शतकापासून तिथे कापसाच्या गिरण्या होत्या. गिरण्यांच्या पाठोपाठ त्यांची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळा आल्या, आणि त्या कार्यशाळांच्या संगतीने यंत्रे घडविणारे कारखाने वाढले. माझे बहुतेक काम या खोऱ्यात झाले.

कामाचा आरंभ पत्रव्यवहाराने होई, आणि इटालियन पत्राच्या पहिल्या ओळीतच विद्येचा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे पेशवाईच्या दफ्तरांत पत्राचा मायना ही एक स्वतंत्र विद्या होती: शास्त्री-पंडितांना ‘वेदशास्त्रसंपन्न’, सरदारांना ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’, इतर सन्मान्य गृहस्थांना ‘राजमान्य राजेश्री’, ज्याचा जो अधिकार तो मायन्यात उमटलाच पाहिजे, असा दंडक होता. आपण तो बव्हंशी सोडून दिला. इटालियनांनी तो सोडलेला नाही. व्यापारी पेढीला ‘स्पेत्ताबिले’, पुरुषाला ‘एग्रेज्यो’, स्त्रीला ‘जेंतीले’, विद्यापीठातील प्राध्यापकाला ‘क्यारिस्सिमो’, म्हणजे अत्यंत कीर्तिमान, आणि विद्यापीठाच्या कुलगुरूला ‘मान्यीफिको’ अशी तिथे पायरीपायरीने विशेषणे लागतात. आणि विशेषणापाठोपाठ नाव येण्यापूर्वी त्या व्यक्तीच्या शिक्षणाचा किताब यावा लागतो. पदवीधर असेल तर तो ‘दोत्तोरे’ आणि ती ‘दोत्तोरेस्सा’, अभियांत्रिकीची पदवी घेऊन राज्य परीक्षा उतरलेला असेल तर ‘इंजेन्येरे’, वकील ‘आव्वोकातो’, वाणिज्याच्या तांत्रिक विद्यालयातून हिशेबनीस होऊन आलेला ‘राज्योनिएरे’, आणि जमिनीची व इमारतींची मोजणी शिकलेला ‘जेओमेत्रा’. शेवटच्या दोघांनी बहुधा विद्यापीठ पाहिलेलेही नसते. पण माध्यमिक विद्यालयात जे त्यांनी कष्टाने मिळविले, ते त्यांच्या नावापुढे आयुष्यभर मानाने उभे असते, ही गोष्ट मला फार आवडे. म्हणून नव्या कारखान्याला पहिले पत्र धाडण्याआधी मी तिथल्या कचेरीत दूरध्वनी करून, ज्याला लिहायचे त्याचा हुद्दा आणि किताब विचारून घेत असे. असा प्रश्न तिथे आगाऊपणाचा मानला जात नाही; उलट विचारणाराला रीतभात ठाऊक आहे, अशी त्याची नोंद होते.

हे नुसते उपचाराचे प्रस्थ आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांत इटालियनही असतात. मला ते मत पटलेले नाही, कारण त्या किताबामागे जी परीक्षा उभी असते, ती मी जवळून पाहिली आहे. इटालियन विद्यापीठात परीक्षेचा मोठा भाग तोंडी असतो. विद्यार्थी परीक्षकांसमोर बसतो, आजूबाजूला इतर विद्यार्थी ऐकत असतात, आणि प्रश्नामागून प्रश्न येत राहतात. गुण ३० पैकी. १८ च्या खाली अनुत्तीर्ण. उत्कृष्ट उत्तराला ३० आणि वर ‘लोदे’, म्हणजे शब्दशः स्तुती. पदवीचे गुण ११० पैकी, कारण पदवीच्या मंडळात अकरा परीक्षक आणि प्रत्येकाच्या अधिकारात दहा गुण, अशी जुनी व्यवस्था. तिथेही ‘एकशे दहा आणि स्तुती’ हीच सर्वोच्च कोटी. त्या दिवशी आईवडील, आजीआजोबा, मित्रमंडळी सभागृहात येऊन बसतात. निकाल उभ्याने ऐकला जातो. आणि मग डोक्यावर खऱ्याखुऱ्या लॉरेलच्या पानांचा मुकुट घालून ती मुलगी किंवा तो मुलगा दिवसभर शहरात हिंडतो, आणि अनोळखी माणसेही रस्ता ओलांडून येऊन अभिनंदन करतात. ज्या पदवीला ‘लाउरेआ’ हे नावच त्या वृक्षावरून मिळाले, तिचा सन्मान अशा प्रकारे चव्हाट्यावर होतो. पादुआ येथे १६७८ साली एलेना कोर्नारो पिस्कोपिया या व्हेनिसच्या विदुषीने ॲरिस्टॉटलवर लॅटिनमध्ये विवेचन करून तत्त्वज्ञानाची पदवी मिळविली, तेव्हा ऐकायला लोटलेला समुदाय विद्यापीठात मावेना म्हणून तो समारंभ तिथल्या मुख्य चर्चमध्ये करावा लागला. धर्मशास्त्राची पदवी मात्र स्त्री म्हणून तिला नाकारली गेली होती. विद्येच्या सन्मानाचा असा सार्वजनिक सोहळा, आणि त्याच्याच शेजारी ती कोणाला मिळू द्यायची नाही याचा असा कडक बंदोबस्त, या दोन्ही गोष्टी त्या देशाच्या इतिहासात एकत्र नांदल्या आहेत, आणि त्यामुळेच तिथे शिक्षणाच्या स्तुतीला एवढे वजन आहे, असे माझे मत झाले.

प्रत्यक्ष संभाषणातील अनुभव याहून मोलाचे. इचलकरंजीच्या एका मालकांबरोबर, ज्यांना त्यांच्या कारखान्यात आणि गावातही सारे अण्णा म्हणत, मी त्या खोऱ्यातील एका कारखान्यात चाचणीसाठी गेले होते. अण्णांनी आपल्या गावचेच सूत आणि आपल्याच सायझिंगमध्ये खळ दिलेला ताणा बरोबर नेला होता, कारण परक्याच्या सुतावर चाललेला माग पाहून सौदा करणे त्यांना मान्य नव्हते. चाचणीत ताणा वरचेवर तुटू लागला. अण्णांना वाटले, मागाची गती पेलत नाही. चाचणीची व्यवस्था पाहणारी अभियंता मिलानच्या पोलितेक्निकोची पदवीधर, वयाने तिशीच्या आतली. तिने उत्तर देण्याची घाई केली नाही. तुटलेली टोके एकेक करून गोळा केली, कोणते टोक फणीपाशी तुटले आणि कोणते मागच्या रुळापाशी, ते कागदावर मांडले, मागाखाली पडलेली पांढरी भुकटी बोटावर घेऊन पाहिली, आणि मग शांतपणे सांगितले की खळ धाग्याच्या आत न मुरता वरच बसली आहे, चालत्या मागावर ती झडते आणि उघडा पडलेला धागा तुटतो.

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग मला म्हणाले, “ताई, ह्या पोरीला सांगा, लई शिकलेली हाय म्हणावं.”

या वाक्यात जो निर्मळ आदर होता, तो इचलकरंजीत कोणालाही कळला असता. पण तेच वाक्य जसेच्या तसे इटालियनमध्ये मांडले असते, तर त्यातून तिच्या शिक्षणाचे नवल तेवढे उरले असते. आणि पुरुषांच्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुण स्त्रीला असल्या नवलाची भेट रोजच मिळत असते. दुभाष्याला पदरचे घालण्याचा अधिकार नाही, हे तत्त्व मी कसोशीने पाळत आले आहे, म्हणून मी अण्णांनाच विचारले, “अण्णा, यांचं नेमकं काय आवडलं तुम्हाला? ते सांगा, म्हणजे मी तसंच पोहोचवते.” ते लगेच म्हणाले, “आधी बोलली न्हाई. टोकं बघितली, मग बोलली. आमच्याकडं टोकं कोण बघतंय?” तेवढेच मी सांगितले: इंजेन्येरे, यांचे म्हणणे असे की आपण तुटलेली टोके आधी पाहिलीत आणि मग बोललात, आणि अशी पद्धत यांनी आपल्या गावात पाहिली नाही, आपण फार ‘प्रेपाराता’ आहात. ज्याचा अभ्यास पक्का आहे, जो विषयाला पूर्ण तयार होऊन सामोरा जातो, त्याच्यासाठी हे विशेषण इटलीत परीक्षागृहापासून न्यायालयापर्यंत सर्वत्र चालते, आणि कारखान्यात याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. तिने मान किंचित लववून आभार मानले, आणि मग, कोणी विचारले नसताना, त्या कागदाची एक नक्कल करून अण्णांच्या हाती दिली.

त्या दिवसापासून विद्येची स्तुती माझ्याकडे आली की तिचे कारण विचारून घ्यायचे, हा मी नियमच केला. “फार विद्वान आहेत” एवढ्यावर मी कधी संतुष्ट झाले नाही. ज्याला समोरच्याच्या ज्ञानातला एखादा तपशील खरोखर उमगला आहे, त्याचीच स्तुती ऐकणाराला आपली वाटते. आपल्याकडे थोरामोठ्यांची तोंडावर प्रशंसा करणे संकोचाचे मानतात. शिष्य गुरूविषयी बोलतो ते तिसऱ्यापाशी. इटालियन माणूस समोरासमोर बोलतो, आणि ऐकणाराही ठरलेल्या विनयाने ते थोडे दूर सारतो: ‘त्रोप्पो बुओनो’, आपण फार उदार आहात, ‘सी फिगूरी’, छे, त्यात काय. अनोळखी आणि वडीलधाऱ्या माणसाला उद्देशून तिथे ‘लेई’ हे तृतीयपुरुषी सर्वनाम वापरतात. १९३८ साली फासिस्ट राजवटीने ते परके व दुबळे ठरवून त्याऐवजी ‘वोई’ चालू करण्याचा हुकूम काढला होता. राजवट गेली आणि ‘लेई’ पुन्हा आपल्या जागी आले. आपल्या ‘आपण’ची सवय असलेल्या मला त्याचे अंतर राखणे आणि जिव्हाळा राखणे, दोन्ही सहज समजे.

त्याच चाचणीच्या अखेरच्या दिवसांत एका निवृत्त मुकादमाला कारखान्याने मुद्दाम बोलावून घेतले. रेपियर मागात डावीकडचा पट्टा आडव्या धाग्याचे टोक धरून कापडाच्या मध्यापर्यंत येतो, आणि तिथे उजवीकडून आलेला दुसरा पट्टा ते टोक त्याच्याकडून घेऊन परत फिरतो. सारे कौशल्य त्या मध्यावरच्या देवघेवीत असते, आणि ती डोळ्याला दिसणे अशक्य इतकी क्षणिक असते. हे गृहस्थ ती कानांनी पारखीत. मागाच्या बाजूला उभे राहत, ताण्यावर हाताची मागची बाजू हलकेच टेकवीत, थोडे ऐकत, आणि मग कुठली कळ किती फिरवायची ते बेर्गामोच्या बोलीत मदतनिसाला सांगत. अण्णा त्यांच्या मागोमाग हिंडत होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला आपल्याकडचा स्वाभाविक प्रश्न विचारायला सांगितला: यांचे शिक्षण किती?

तो प्रश्न मी अदबीने, शाळा कुठे केलीत असा फिरवून विचारला. कारण त्यांच्या पिढीच्या इटालियन कामगाराला शिक्षणाविषयी विचारणे म्हणजे त्याच्या देशाच्या एका मोठ्या अन्यायाची वही उघडणे होय. १८६१ साली इटली एक राष्ट्र झाले तेव्हा चारांतील सुमारे तिघांना अक्षरओळख नव्हती. १९५१ च्या शिरगणतीतही शंभरांत सुमारे तेरा निरक्षर होते. १९६२ च्या अखेरीस कायदा होईपर्यंत पाचवीनंतरच्या शाळेच्या दोन वाटा होत्या: एक लॅटिन शिकविणारी, विद्यालयाकडे आणि विद्यापीठाकडे नेणारी, दुसरी धंदेशिक्षणाची, कारखान्याच्या दारापाशी संपणारी. कोणत्या मुलाने कोणत्या वाटेने जायचे, हे बहुधा बापाच्या मिळकतीवर ठरे. तोस्कानाच्या डोंगरातील बार्ब्याना नावाच्या वस्तीत लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने शाळेबाहेर टाकलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिकविले, आणि त्या मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेले पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा साऱ्या देशाला आपल्या शाळांचा हा पक्षपात मान्य करावा लागला.

मुकादमांनी उत्तर दिले ते अगदी सरळ. पाचवी झाली, मग नदीकाठच्या गिरणीत. पुढे लग्न झाल्यावर, मुले शाळेत जाऊ लागल्यावर, ‘दीडशे तास’ घेऊन आठवीची परीक्षा दिली. हे दीडशे तास म्हणजे १९७३ साली धातुकामगारांनी आपल्या करारात मिळविलेला आणि मग इतर धंद्यांत पसरलेला हक्क: मालकाने शिक्षणासाठी दीडशे तासांची भरपगारी सुट्टी द्यायची, आणि कामगाराने स्वतःचे तितकेच तास त्यात घालायचे. पाळी संपवून, हात धुऊन, ते संध्याकाळी वर्गात बसत आणि इतिहास व व्याकरण शिकत. हे सांगताना त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, अभिमानाचा दिखावा नव्हता. शेजारी बसलेल्या अभियंता बाईंनीच पुढे सांगितले की यांना सरकारकडून ‘माएस्त्रो देल लावोरो’ हा किताब मिळाला आहे. १९२३ पासून चालत आलेला हा मान पन्नाशी ओलांडलेल्या आणि निदान पंचवीस वर्षे नोकरी केलेल्या, कसब व वर्तन या दोहोंत आदर्श ठरलेल्या कामगारांना दिला जातो, आणि त्याचे पदक १ मे रोजी प्रदान होते. ज्यांना शाळेने लवकर बाहेर काढले, त्यांना राष्ट्राने गुरूची पदवी दिली. या व्यवस्थेत मागच्या अन्यायाचे परिमार्जन पुरतेपणी होत नाही हे खरे, तरी ज्याने कोणी ती कल्पिली त्याला ज्ञान कशाला म्हणतात हे ठाऊक होते.

अण्णांना मी हे सारे सांगितले. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “आमचा जॉबर असता तर पाया पडला असता म्हणावं. आणि माग काय म्हणतोय ते ह्यास्नी ऐकू येतंय, ते मला शिकायचं हाय.” या खेपेस कारण विचारण्याची गरजच नव्हती. मी म्हटले, “माएस्त्रो, यांच्या कारखान्यातला माग दुरुस्त करणारा इथे असता तर गुरूला करतात तसा त्याने आपल्याला नमस्कार केला असता, आणि माग काय म्हणतो ते आपल्याला ऐकू येते, ते यांना आपल्याकडून शिकायचे आहे.” वृद्धांनी उत्तर दिले की मी आपला धंदा करतो, एवढेच. पण सुट्टी संपल्यावर ते अण्णांना मागापाशी घेऊन गेले, त्यांचा हात स्वतःच्या हाताने ताण्यावर टेकविला, आणि ताण किती असावा, हवा कोरडी झाली की सुती धाग्याचे बळ कसे घटते, दुपारी आणि सकाळी मागाचा आवाज कसा बदलतो, हे संध्याकाळपर्यंत समजावीत राहिले. मी मधे उभी होते. पुष्कळ वेळ माझी गरजही पडली नाही.

जाण्यापूर्वी कारखान्याच्या वरिष्ठ अभियंत्याने तयार कापडाचे काही तुकडे टेबलावर मांडले. अण्णांनी एकेक तुकडा चिमटीत धरून त्यातील सुताचा काउंट तोंडी सांगितला, आणि प्रयोगशाळेच्या नोंदींशी तो जुळला. अण्णांचे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडे थांबले होते. तो अभियंता माझ्याकडे न पाहता थेट त्यांच्याकडे पाहून म्हणाला, “लेई सा इल फात्तो सूओ.” मी अण्णांना सांगितले, “तुम्हाला तुमचं काम पुरतं कळतं, असं म्हणतायत.” अण्णांनी दोन्ही हात जोडले. विद्येच्या बाबतीत त्यांच्याशी कोणी बरोबरीच्या नात्याने बोलावे, हा प्रसंग त्यांच्यावर फारसा आला नसावा, असे मला त्यांच्या मुद्रेवरून वाटले, आणि तो आपल्या मध्यस्थीने आला याचा मला अतिशय आनंद झाला.

माग आले, बसले, चालू लागले. उन्हाळ्यात ताणा पुन्हा तुटू लागला तेव्हा अण्णांनी मुकादमांची सूचना आठवून शेडमध्ये हवा दमट ठेवणारी यंत्रे बसविली, आणि तूट कमी झाल्यावर मला बोलावून एक पत्र सांगितले. मायना काय घालायचा हे त्यांनी स्वतःच ठरविले होते. मी ‘एग्रेज्यो माएस्त्रो’ असे लिहिले आणि पुढे त्यांचा मजकूर जसाच्या तसा उतरविला: आपण सांगितले तसे केले, माग आता दुपारीही सकाळसारखा बोलतो. उत्तर मुकादमांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आले. त्यात आभाराची एक ओळ होती. उरलेल्या पानभर प्रश्न होते: सुताचा काउंट कोणता, ताण्यात धागे किती, वारा कोणत्या बाजूने येतो, आणि हवेची आर्द्रता मोजणारे मापक कुठे टांगले आहे? दाराजवळ टांगले असेल तर त्याचा आकडा धरू नये, ते मागांच्या ओळीत ताण्याच्या उंचीला आणून आठवडाभर सकाळ-दुपार नोंदी घ्याव्यात. मापक दाराजवळच होते. अण्णांनी जॉबरला हाक मारून ते तिथून काढविले, नोंदींसाठी एक कोरी वही मागविली, आणि आठवडा संपल्यावर दुसरे पत्र लिहायला मी यावे, असे मला सांगून ठेवले.